लहान ससाण्यांचे विणीच्या हंगामातील निरीक्षण

लहान ससाण्यांचे विणीच्या हंगामातील निरीक्षण म्हणजे तुरुमती, खरूची, हॉबी यांसारख्या लहान आकाराच्या ससाण्यांच्या जोड्यांचा, जोडी जमल्यापासून पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत दुरून आणि नियमितपणे केलेला पाठपुरावा होय. युरोपात हा हंगाम साधारणतः एप्रिल ते ऑगस्ट असा असतो. भारतीय द्वीपकल्पाच्या मैदानी भागात तुरुमतीची वीण प्रामुख्याने जानेवारी ते मे या महिन्यांत, म्हणजे हिवाळ्याच्या उत्तरार्धात सुरू होऊन उन्हाळ्यात पूर्ण होते. ससाणे स्वतःचे घरटे सहसा बांधत नाहीत. त्यामुळे त्यांची वीण इतर पक्ष्यांच्या जुन्या घरट्यांवर आणि ती घरटी धारण करणाऱ्या उंच वृक्षांवर अवलंबून असते. या निरीक्षणातून एका जोडीच्या यशापयशाबरोबरच त्या परिसरातील वृक्ष, कावळे, लहान पक्षी आणि शेती यांच्या स्थितीचीही माहिती मिळते.

लहान ससाणे

फाल्को या प्रजातीत जगभर सुमारे ४० जाती आहेत. बहिरी ससाणा, लग्गड हे मोठे ससाणे वगळता यांतील बऱ्याच जाती पारव्याएवढ्या किंवा त्याहून थोड्या लहानमोठ्या आकाराच्या आहेत. भारतात आढळणाऱ्या लहान ससाण्यांमध्ये तुरुमती, खरूची, युरेशियन हॉबी, पौर्वात्य हॉबी, अमूर ससाणा, लहान खरूची आणि मर्लिन यांचा समावेश होतो. मर्लिन हा उत्तर भारतातील हिवाळी पाहुणा आहे. अमूर ससाणा आणि लहान खरूची हे प्रामुख्याने स्थलांतराच्या वाटेवर भारतातून जातात. युरेशियन हॉबीची वीण हिमालयात होते. खरूची हिमालयात वीण करते, तसेच तिची एक उपजाती पश्चिम घाट, निलगिरी आणि श्रीलंकेत वास्तव्य करून असते. मैदानी भारतात बारमाही राहणारा आणि तेथेच वीण करणारा लहान ससाणा म्हणजे तुरुमती.

बाक असलेली चोच आणि तीक्ष्ण नख्या यांमुळे ससाण्यांना पूर्वी शिक्रा, गरुड, घार यांच्या जवळचे नातलग मानत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पक्ष्यांच्या जनुकीय अभ्यासातून मात्र ससाणे हे पोपट आणि चिमणीसारख्या पक्ष्यांच्या गणांना अधिक जवळचे असल्याचे दिसून आले. शिकारी पक्ष्यांच्या या दोन गटांतील फरक घरट्याजवळही दिसतो. गरुड, शिक्रा आणि घार काड्या आणून घरटे रचतात. ससाणे कड्यावरील कपार, झाडाची ढोली, इमारतीचा कोनाडा किंवा दुसऱ्या पक्ष्याने सोडलेले घरटे निवडतात. ससाण्यांच्या वरच्या चोचीच्या कडेला दातासारखा एक टोकदार उंचवटा असतो. पकडलेल्या भक्ष्याची मान तोडण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

तुरुमतीची ओळख

तुरुमतीला मराठीत लाल डोक्याचा ससाणा असेही म्हणतात. तिचे शास्त्रीय नाव फाल्को चिकेरा असे असून फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ फ्रांस्वा मारी दोदँ यांनी १८०० साली ते दिले. 'चिकेरा' हे 'शिक्रा' या भारतीय शब्दाचेच रूपांतर मानले जाते. 'तुरुमती' हे नाव मध्य आशियातून आले आहे. तुर्की कुळातील भाषांत 'तुरुमताय' या शब्दाने मर्लिन हा लहान ससाणा ओळखला जातो. ससाणे पाळून त्यांच्याकडून शिकार करवणाऱ्या लोकांबरोबर हे नाव भारतात आले आणि येथील लहान ससाण्याला चिकटले. या शिकाऱ्यांच्या बोलीत तुरुमती ही मादी आणि चेतवा हा नर. आफ्रिकेत आढळणाऱ्या याच्या नातलगास काही वर्गीकरणांत उपजाती, तर काहींत स्वतंत्र जाती मानतात.

तुरुमतीची लांबी सुमारे ३० ते ३६ सेंटिमीटर असते. माथा व मान तांबूस-विटकरी, पाठ निळसर राखाडी, गळा व छाती पांढरी आणि पोटावर बारीक काळे आडवे पट्टे असा तिचा रंग असतो. शेपटीच्या टोकाजवळ एक रुंद काळा पट्टा असून टोक पांढरे असते. पाय आणि डोळ्यांभोवतीचे कडे पिवळे असते. नर व मादी रंगाने सारखे असतात. मादी आकाराने मोठी असते. जोडी शेजारी शेजारी बसली असता हा फरक स्पष्ट कळतो, एकटा पक्षी पाहून मात्र नर की मादी हे ठरवणे अवघड जाते.

आकाराच्या साधर्म्यामुळे नवशिक्या निरीक्षकाची शिक्रा आणि तुरुमती यांत गल्लत होऊ शकते. शिक्र्याचे पंख रुंद व गोलसर असतात आणि प्रौढ पक्ष्याचे डोळे पिवळे वा लाल असतात. तुरुमतीचे पंख लांब व निमुळते असून डोळे गडद तपकिरी, जवळजवळ काळे दिसतात. खरूचीची पाठ विटकरी असून तीवर काळे ठिपके असतात. शिवाय खरूची हवेत एकाच जागी पंख फडफडवत स्थिर राहून जमिनीवरील भक्ष्य शोधते. तुरुमती अशा रीतीने शिकार करत नाही. ती उंच फांदीवरून झेप घेऊन किंवा जमिनीलगत वेगाने उडत लहान पक्ष्यांचा पाठलाग करते. नर व मादी बरेचदा मिळून शिकार करतात. एक पक्षी भक्ष्याला उठवतो आणि दुसरा त्याच्यावर झडप घालतो. चंडोल, चिमण्या, पाकोळ्या यांसारखे लहान पक्षी हे तिचे मुख्य भक्ष्य आहे. संधिप्रकाशात ती वटवाघळेही पकडते.

उसने घरटे

मैदानी प्रदेशात तुरुमतीची वीण उंच झाडांवर होते. आंबा, वड, चिंच यांसारख्या डेरेदार वृक्षांचा शेंडा किंवा ताडाचा माथा या तिच्या नेहमीच्या जागा आहेत. घरटे बहुधा कावळ्याने सोडलेले असते.

ही व्यवस्था कावळ्याच्या वेळापत्रकाशी जुळलेली आहे. दख्खन आणि पश्चिम भारतात गावकावळ्याची वीण मुख्यतः एप्रिल ते जून या काळात, पावसाळ्याच्या तोंडावर होते. पिल्ले उडून गेल्यावर घरटे रिकामे होते. ते मजबूत फांदीच्या बेचक्यात असेल, तर पावसाळ्यातील वारे व सरी सोसून हिवाळ्यापर्यंत टिकते. तुरुमती जोडी जानेवारी-फेब्रुवारीत घरटे शोधू लागते, तेव्हा कावळ्यांची नवी वीण सुरू झालेली नसते आणि मागील वर्षाची घरटी मोकळी असतात. एप्रिलमध्ये कावळे पुन्हा काड्या गोळा करू लागतात, त्या वेळी तुरुमतीची पिल्ले मोठी होत आलेली असतात.

कावळ्याशी असलेले हे नाते मैत्रीचे नाही. कावळा इतर पक्ष्यांची अंडी व पिल्ले खातो. म्हणून ज्याचे घरटे वापरावयाचे, त्याच्यापासूनच ते राखावे लागते. तुरुमती घरट्याच्या रक्षणात अत्यंत आक्रमक असते. कावळे, घारी आणि आकाराने कितीतरी मोठे शिकारी पक्षी झाडाजवळ आले तरी ती कर्कश ओरडत त्यांच्यावर तुटून पडते आणि त्यांना हुसकावून लावते. निरीक्षकाला घरट्याचा पहिला सुगावा बहुतेक वेळा या भांडणातूनच लागतो.

हंगामाचा क्रम

जोडी आणि जागेची निवड. हंगामाच्या आरंभी नर व मादी एकाच झाडावर किंवा शेजारच्या झाडांवर वारंवार एकत्र दिसू लागतात. त्यांचा 'केक-केक-केक' असा तीव्र आवाज सकाळी व सायंकाळी अधिक ऐकू येतो. नर शिकार आणून मादीला देतो. हे अन्नदान म्हणजे प्रणयाराधनाचा महत्त्वाचा भाग होय. त्यातून जोडीचे बंध दृढ होतात आणि अंडी घालण्यासाठी मादीला आवश्यक ते पोषण मिळते. या काळात मादी स्वतः शिकार करण्याचे प्रमाण कमी करते व घरट्याच्या आसपास राहते. नर-मादीचे मीलन उघड्या फांदीवर आणि वारंवार होते.

अंडी आणि उबवण. तुरुमतीची मादी साधारणपणे ३ ते ५ अंडी घालते. त्यांचा रंग फिकट तांबूस असून त्यांवर तपकिरी ठिपक्यांची दाट नक्षी असते. उबवण्याचा काळ सुमारे ३२ ते ३५ दिवसांचा असतो. उबवण्याचे बहुतेक काम मादी करते. या टप्प्यावर घरटे ओस पडल्यासारखे भासते. मादी खोलगट घरट्यात इतकी दबून बसते, की खालून फार तर तिच्या शेपटीचे टोक दिसते. अननुभवी निरीक्षक अशा वेळी जोडी निघून गेली असे समजून नोंद थांबवतो. प्रत्यक्षात नर दिवसातून काही वेळा शिकार घेऊन येतो व जवळच्या ठरावीक फांदीवर बसून साद घालतो. त्यावर मादी बाहेर येते, भक्ष्य घेते, थोड्या अंतरावर बसून खाते आणि परतते. तेवढा वेळ नर अंड्यांवर बसू शकतो. काही मिनिटांची ही देवाणघेवाण घरटे नांदते असल्याचा सर्वांत खात्रीचा पुरावा आहे. ती पाहण्यासाठी दोन-तीन तास एका जागी बसण्याची तयारी असावी लागते.

पिल्ले. अंड्यातून बाहेर पडलेली पिल्ले पांढऱ्या पिसवांनी झाकलेली आणि पूर्णतः परावलंबी असतात. पहिले काही दिवस मादी त्यांना पंखांखाली घेऊन बसते व नर अन्न आणतो. आणलेल्या भक्ष्याची पिसे जवळच्या एखाद्या फांदीवर उपटून मग त्याचे लहान लहान तुकडे पिल्लांना भरवले जातात. पिल्ले मोठी होऊ लागली की नराच्या एकट्याच्या शिकारीवर कुटुंबाचे भागत नाही आणि मादीही शिकारीला निघते. घरट्याच्या कडेला पांढऱ्या विष्ठेचे ओघळ दिसणे, पिल्लांनी घरट्याच्या काठावर येऊन पंख फडफडवणे ही वाढत्या पिल्लांची चिन्हे होत. सुमारे पाच आठवड्यांनी पिल्ले घरटे सोडतात.

घरटे सोडल्यानंतर. पहिल्या उड्डाणानंतर पिल्ले लगेच स्वतंत्र होत नाहीत. ती आसपासच्या झाडांवर राहून मोठ्याने ओरडत अन्न मागतात, पालक दिसताच त्यांच्या मागे लागतात आणि पुढे हवेतच भक्ष्य झेलायला शिकतात. स्वतःच्या शिकारीची सुरुवात बहुधा कीटकांपासून होते. या अवस्थेत पिल्ले मोजणे सोपे असते, कारण ती उघड्यावर बसतात आणि गोंगाट करतात. हंगामाचे यश ठरवणारा आकडा, म्हणजे घरट्यातून यशस्वीरीत्या उडालेल्या पिल्लांची संख्या, याच दिवसांत मिळतो.

निरीक्षणाची पद्धत

निरीक्षणासाठी दुर्बीण, शक्य असल्यास तिवईवरील अवलोकन-दुर्बीण, वही आणि घड्याळ एवढी साधने पुरेशी असतात. महत्त्वाचा प्रश्न जागेच्या निवडीचा असतो. घरट्याचे झाड, नराची नेहमीची फांदी आणि येण्याजाण्याची दिशा एकाच वेळी नजरेत राहतील असे दूरचे ठिकाण उत्तम समजले जाते. सर्वांसाठी एकच अंतर सांगता येत नाही. योग्य अंतर पक्ष्याच्या वर्तनावरून ठरते. नर भक्ष्य घेऊन आला असता घरट्याकडे न जाता लांब बसून राहणे, मादीने निरीक्षकाकडे रोखून पाहणे, दोघांनीही एकसारखे ओरडणे किंवा डोक्यावर घिरट्या घालणे यांपैकी काहीही घडल्यास अंतर कमी पडले असे समजून मागे सरावे लागते. पक्षी आपले नेहमीचे व्यवहार करू लागले, की अंतर योग्य आहे असे मानतात.

शेतात रोज राबणाऱ्या माणसांची पक्ष्यांना सवय झालेली असते. तीच माणसे झाडाखाली थांबून वर पाहू लागली, तर मात्र पक्षी अस्वस्थ होतात. म्हणून झाडाच्या दिशेने सरळ चालत न जाणे, बांधाच्या किंवा झुडपाच्या आडोशाला बसणे आणि एकाच वाटेने येणेजाणे हे संकेत पाळले जातात. शेताच्या मालकाची परवानगी घेणे आवश्यक असते. बहुधा घरट्याची आणि मागील वर्षांची सर्वांत विश्वसनीय माहितीही त्याच्याचकडे असते.

सकाळचे पहिले तीन तास आणि सूर्यास्तापूर्वीचा काळ निरीक्षणास अनुकूल असतो. आठवड्यातून एकदा दिलेली दोन-तीन तासांची भेट संपूर्ण हंगामाचा आराखडा मिळवण्यास सहसा पुरेशी ठरते.

नोंदींचे स्वरूप

विणीच्या पुराव्याची विभागणी पक्षिगणनांमध्ये सामान्यतः तीन पायऱ्यांत केली जाते. योग्य अधिवासात आणि योग्य ऋतूत पक्षी दिसणे किंवा त्याचा आवाज ऐकू येणे हा 'संभाव्य' विणीचा पुरावा. त्याच जागी जोडी पुन्हा पुन्हा दिसणे, प्रणयाराधन किंवा हद्दीचे रक्षण हा 'बहुधा' वीण असल्याचा पुरावा. अंड्यांवर बसलेली मादी, घरट्याकडे नेले जाणारे भक्ष्य किंवा नुकतीच उडू लागलेली पिल्ले हा 'निश्चित' पुरावा होय. निश्चित पुराव्यासाठी घरट्यात डोकावणे गरजेचे नसते, हे या विभागणीवरून स्पष्ट होते.

नोंदीत दिनांक, वेळ, हवामान, झाडाची जात, घरट्याची अंदाजे उंची, दिसलेले वर्तन आणि भक्ष्याचा प्रकार लिहितात. 'मादी घरट्यावर बसलेली दिसली' हे निरीक्षण आणि 'अंडी असावीत' हा तर्क यांची सरमिसळ होऊ न देणे हा चांगल्या नोंदीचा पहिला नियम आहे. काहीही न दिसलेल्या भेटीचीही नोंद ठेवतात. एखादी वीण कधी फसली हे ठरवताना त्या नोंदीच उपयोगी पडतात.

घरट्याजवळ न जाताही अंडी घातल्याचा काळ काढता येतो. उदाहरणार्थ, पिल्लांनी ३० एप्रिलला घरटे सोडले आणि पिल्लावस्था ३५ दिवसांची धरली, तर अंडी २६ मार्चच्या सुमारास फुटली असावीत. उबवणीचा काळ ३४ दिवस धरल्यास उबवण २० फेब्रुवारीच्या आसपास सुरू झाली असा अंदाज निघतो. यात काही दिवसांची चूक राहते. तरीही अनेक वर्षांच्या अशा अंदाजांवरून विणीचा हंगाम पुढे-मागे सरकतो आहे का, हे तपासता येते.

पिसे उपटण्याच्या फांदीखाली पडलेली पिसे आणि न पचलेली हाडे व पिसे यांचे ओकून टाकलेले गोळे यांवरून आहाराचा अभ्यास होतो. हे नमुने पिल्ले घरट्यातून निघून गेल्यानंतरच पाहणे उचित मानले जाते.

अडथळ्याचे परिणाम

थंड प्रदेशांत मादी घरट्यावरून उठली तर अंडी गारठण्याची भीती असते. दख्खनच्या उन्हाळ्यात धोका उलट दिशेचा असतो. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ, मराठवाडा व लगतच्या प्रदेशांत दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. झाडाच्या शेंड्यावरील उघड्या घरट्यात थेट ऊन पडत असताना मादीचे शरीर व पसरलेले पंख हीच लहान पिल्लांची सावली असते. माणसाच्या उपस्थितीमुळे मादी भर दुपारी बराच वेळ दूर राहिली, तर अंड्यांतील जीव किंवा नवजात पिल्ले उष्णतेने दगावू शकतात. पालक माणसावर ओरडण्यात गुंतले असताना कावळ्यांना घरटे लुटण्याची संधी मिळते, हा दुसरा धोका. तिसरा धोका उडण्याच्या बेतात असलेल्या पिल्लांना असतो. ती घाबरून वेळेआधी घरट्याबाहेर उडी घेतात आणि जमिनीवर पडल्यास मांजर, कुत्रा किंवा मुंगूस यांच्या तावडीत सापडतात.

यामुळे झाडावर चढणे, घरटे स्पष्ट दिसावे म्हणून फांद्या तोडणे, ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणे आणि घरट्यावर ड्रोन उडवणे हे प्रकार निषिद्ध मानले जातात. घरट्याजवळून छायाचित्र काढण्याचा मोहही टाळला जातो. सक्रिय घरट्याचे नेमके ठिकाण हंगाम संपेपर्यंत समाजमाध्यमांवर प्रसिद्ध न करण्याचा संकेत आहे, कारण त्यातून गर्दी होते आणि पिल्ले पळवणाऱ्यांनाही माहिती मिळते. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांची शिकार करणे, त्यांना पकडणे तसेच त्यांची अंडी किंवा घरटी यांना हानी पोहोचवणे यांवर निर्बंध आहेत.

जमिनीवर दिसलेले प्रत्येक पिल्लू अनाथ नसते. पूर्ण पिसे फुटलेले पिल्लू बहुधा उडायला शिकत असते व पालक जवळपासच असतात. त्याला घरी न नेता जवळच्या सुरक्षित उंच फांदीवर ठेवून दूर जाणे आणि ते जखमी असल्यास वनविभागाला कळवणे योग्य ठरते.

इतर प्रदेशांतील हंगाम

युरोपात खरूची एप्रिल-मे महिन्यांत अंडी घालते. ती इमारतींचे कोनाडे, कडे, ढोली, कावळ्यांची घरटी आणि माणसाने बसवलेल्या लाकडी पेट्या वापरत असल्याने तिचे निरीक्षण शहरांतही करता येते. उबवणीचा काळ सुमारे चार आठवड्यांचा व पिल्लावस्थाही साधारण तितकीच असते.

युरेशियन हॉबी आफ्रिकेच्या दक्षिण भागातून एप्रिल-मे महिन्यांत युरोपात परतते, पण बहुतेक जोड्या जून महिन्यापर्यंत अंडी घालत नाहीत. कावळ्यांची त्या वर्षीची पिल्ले तोपर्यंत घरटी सोडून गेलेली असतात. हॉबीची पिल्ले जुलै-ऑगस्टमध्ये वाढत असताना चतुर, तसेच नुकत्याच उडू लागलेल्या पाकोळ्या व भिंगऱ्या मुबलक असतात. तुरुमती मागील वर्षाचे घरटे वापरते, तर हॉबी बहुधा त्याच वर्षी रिकामे झालेले.

अमूर ससाण्याची वीण पूर्व सायबेरिया, मंगोलिया व ईशान्य चीनच्या प्रदेशांत होते आणि तोही मॅगपाय व कावळे यांची घरटी वापरतो. आफ्रिकेकडे जाताना या ससाण्यांचे प्रचंड थवे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नागालँडमध्ये उतरतात. दोयांग जलाशयाजवळ २०१२ साली त्यांची मोठ्या प्रमाणावर झालेली हत्या उघडकीस आली आणि पुढच्याच वर्षापासून तेथील गावांनी शिकार थांबवली. २०१३ मध्ये उपग्रह-प्रक्षेपक बसवून सोडलेल्या पक्ष्यांना तेथील स्थळांवरून व लोकांवरून 'नागा', 'वोखा' आणि 'पांगती' अशी नावे देण्यात आली. याच प्रवासात अमूर ससाणे महाराष्ट्रावरूनही जातात.

घरटे देणारा पक्षी नाहीसा झाला तर काय होते, हे हंगेरीतील लालपाय ससाण्याच्या उदाहरणावरून दिसते. हा ससाणा तेथे रूक नावाच्या कावळ्याच्या वसाहतींत वीण करतो. माणसाने रूक पक्ष्यांचा मोठ्या प्रमाणावर संहार केल्यावर ससाण्यांची वीणही घटली. त्यानंतर संवर्धकांनी झाडांवर कृत्रिम घरट्यांच्या पेट्या बसवल्या आणि आज तेथील बऱ्याच जोड्या त्यांत वीण करतात.

इतिहास

भारतात ससाण्यांच्या निरीक्षणाची जुनी परंपरा शिकारीच्या शौकाशी निगडित होती. टी. सी. जर्डन यांनी 'बर्ड्‌स ऑफ इंडिया' (१८६२–६४) या ग्रंथात तुरुमतीला शिकवून लावे, तितर, साळुंक्या आणि विशेषतः नीलपंख या पक्ष्यांवर सोडले जाई अशी माहिती दिली आहे. पुढे ए. ओ. ह्यूम यांनी देशभरातील हौशी निरीक्षकांकडून माहिती मिळवून भारतीय पक्ष्यांच्या घरट्यांवर व अंड्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळी घरटे पाहणे म्हणजे अंडी गोळा करणे असाच अर्थ होता. नेदरलँड्समध्ये निको टिनबर्गन यांनी हॉबीच्या जोड्यांचे वर्तन मैदानात बसून अभ्यासले व १९३२ साली त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी त्यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मराठी वाचकांना पक्ष्यांची शास्त्रीय व लोकव्यवहारातील नावे एकत्र उपलब्ध करून देण्याचे काम मारुती चितमपल्ली यांच्या 'पक्षिकोश' या ग्रंथाने केले.

जुन्या नोंदींचा अनपेक्षित उपयोग १९६७ साली दिसून आला. ब्रिटनमधील डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहांतील अंड्यांची तुलना करून, बहिरी ससाणा व इतर काही शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पातळ झाल्याचे दाखवले. पुढील संशोधनात याचे कारण डीडीटी असल्याचे सिद्ध झाले. पूर्वीची स्थिती कोणीतरी जपून ठेवली होती, म्हणूनच झालेला बदल सिद्ध करता आला. आज अंडी गोळा करणे बेकायदेशीर असल्याने तेच काम लिखित नोंदींना करावे लागते.

संवर्धन

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने तुरुमतीचा समावेश 'संकटसमीप' गटात केला आहे. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स २०२३' या अहवालात माळराने व इतर खुल्या प्रदेशांत राहणाऱ्या पक्ष्यांची, तसेच शिकारी पक्ष्यांची एकूण घट नोंदवलेली आहे. तुरुमती या दोन्ही प्रकारांत मोडते. माळरानांचे रूपांतर, कीटकनाशकांचा वापर आणि उंच वृक्षांची तोड ही तिच्यासमोरील प्रमुख संकटे मानली जातात.

यांपैकी वृक्षतोडीचे नुकसान सहज लक्षात येत नाही. रस्ता रुंद करताना वडाची व चिंचेची जुनी रांग गेली किंवा बांधावरचा एकटा आंबा पाडला, तर त्या दिवशी तेथे एकही ससाणा दिसत नसेल. परंतु त्या झाडावर कावळ्याचे जे घरटे पुढच्या जानेवारीत उपयोगी पडले असते, ते आता असणार नाही. नवीन लावलेली रोपे तितकी उंच व्हायला अनेक दशके लागतात. ससाण्यांच्या काही जाती विजेच्या मनोऱ्यांवरील कावळ्यांची घरटी वापरतात; मात्र देखभालीच्या वेळी ती काढून टाकली जाण्याचा धोका असतो. हंगेरीप्रमाणे कृत्रिम घरटी बसवण्याचा उपाय करायचा झाल्यास, पूर्वी कोणत्या झाडांवर जोड्या होत्या हे आधी ठाऊक असावे लागते.

म्हणून एका गावाच्या शिवारातील एका जोडीची, एकाच निरीक्षकाने वर्षानुवर्षे ठेवलेली वही संवर्धनाच्या दृष्टीने मोलाची ठरते. घरट्याचे झाड, उडालेल्या पिल्लांची संख्या, ती जागा सोडून दिल्याचे वर्ष आणि त्याचे दिसलेले कारण एवढा तपशील तीत असला, तरी ते झाड तोडण्याचा प्रश्न उभा राहील तेव्हा सांगण्यासारखा पुरावा हाती असतो.